न जुळणाऱ्या दोन पट्ट्या

माझ्या दुकानात एकदा एका बाईचा चेहरा खराब झाला. तो माझ्या हातून झाला. त्याचं खापर वीज, धूळ, उन्हाळा आणि नशीब यांच्यावर फोडायचा प्रयत्न मी बरीच वर्षं केला, पण ते मलाच पटत नाही, तर दुसऱ्याला काय पटणार. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. सुरुवात कॉम्प्युटरच्या रॅमपासून करावी लागेल, त्याला इलाज नाही.

वाशीमला बसस्टँडमागच्या गल्लीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, अभिनंदन, उद्घाटन आणि मरण, ही माझी चार गिऱ्हाइकं. त्यातलं शेवटचं सर्वात घाईचं. माणूस गेला की दोन तासांत कोणीतरी मोबाइल घेऊन माझ्यासमोर उभं असतं. कोणाच्या नावामागे 'कै.' लावायचं आणि कोणाच्या नावामागे 'कालकथित', हे मला आडनाव ऐकूनच कळतं. आमच्या बौद्ध समाजात तेरवी नसते, पुण्यानुमोदन असतं. आम्ही श्रद्धांजली लिहीत नाही, आदरांजली लिहितो. हे ज्याला कळत नाही त्यानं या धंद्यात पडू नये, लोक बॅनर परत आणून तोंडावर फेकतात.

गेलेल्या माणसाचा धड फोटो बहुतेक घरांत नसतो. कुठल्यातरी लग्नात पंगतीला बसलेला, हातात घास, बाजूला तिघांची डोकी. मग मी त्यातून चेहरा कापतो आणि तयार कोटावर बसवतो. जन्मभर बंडीवर राहिलेली कितीतरी म्हातारी माणसं माझ्यामुळे निळा कोट आणि टाय घालून चौकात लटकली. बायकांसाठी माझ्याकडे काठपदराच्या तीन साड्या आहेत, हिरवी, जांभळी आणि पांढरी. मान थोडी लांब करावी लागते, रंग जुळवावा लागतो, बस. आजवर एकाही घरानं तक्रार केली नाही, उलट म्हातारा कोटात किती शोभून दिसतो म्हणून रडता रडता हसलेत. हे सांगतोय ते मोठेपणासाठी नाही. चेहऱ्यांना कात्री लावायची मला किती सवय होती, ते कळावं म्हणून सांगतोय.

तर कॉम्प्युटर. तेव्हा माझ्याकडे चार जीबी रॅमचा डेस्कटॉप होता. ज्यांना यातलं कळत नाही त्यांना मी असं सांगतो, की हार्डडिस्क म्हणजे घरातलं फडताळ आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. फडताळ कितीही मोठं असो, ओटा वीतभर असेल तर पोळपाट ठेवल्यावर कढई ठेवायला जागा उरत नाही. लहान बॅनरला चार जीबी पुरत. पण तो एप्रिल होता, जयंतीचा महिना. गावोगावची मंडळं वीस बाय दहाचे बॅनर मागत होती, आणि प्रत्येकाला त्यात साठ कार्यकर्त्यांचे फोटो हवे होते, सर्वांचे सारख्या मापाचे, नाहीतर भांडणं. पस्तिसावा फोटो टाकला की स्क्रीनवर गोल फिरायला लागायचं. मागे खुर्चीवर मंडळाचा अध्यक्ष बसलेला, त्याच्या मागे पाचजण उभे. एकजण विचारायचा, "भाऊ, हे झोपलं काय?" मी शांतपणे म्हणायचो, विचार करून राह्यलं. आतून मला तो डबा उचलून नालीत फेकावासा वाटायचा.

अकोल्याला माझा एक वर्गमित्र कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. त्याला फोन केला. तो फार चिकित्सक माणूस, शाळेतही चित्राला तीनदा खोडरबर लावायचा.

"रॅम वाढवाची हाय," मी म्हणालो. "कोनती घेऊ?"

"कोनतीही घेऊ नको," तो म्हणाला. "पह्यले डबा खोल. रॅमची जुनी पट्टी काढ. तिच्यावर कागद चिपकवला असते, तो वाच मले."

मी वाचला. डीडीआर थ्री, चार जीबी, तेराशे तेहतीस, दीड व्होल्ट. तो म्हणाला की पट्टीच्या खालच्या कडेला जी खाच असते ती टू, थ्री आणि फोर या तिन्ही जातींची वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीच्या जातीची पट्टी बसतच नाही, ती काळजी करू नको. काळजी बसणाऱ्या पट्टीची करायची. आकडा वेगळा, कंपनी वेगळी, आतल्या चिपा वेगळ्या, अशी पट्टीही त्याच खाचेत बसते. कॉम्प्युटर चालूही होतो. बहुतेक वेळा काही होत नाही. पण कधी कधी दोघींचं आपसात जमत नाही.

"मंग काय होते?"

"काही दिसत नाही, हेच तर. मधेच एखादा आकडा इकडचा तिकडे होते. कॉम्प्युटर सांगत नाही का मी चुकलो म्हनून." मग तो म्हणाला, "तू जुनी काढून टाक. एकाच खोक्यातली चार-चारची जोडी येते, कंपनीनं जुळवून देल्ली असते. मी पाठवतो, चार दिवस लागतीन. आन लावल्यावर टेस्ट चालव. पेनड्राइव्हवर देतो तुले. चार-पाच तास चालते, तेवढा वेळ दुकानातलं काम बंद."

एप्रिलमध्ये चार दिवस. वर चार-पाच तास काम बंद. मी हो हो म्हटलं, फोन ठेवला, आणि त्याला दोन शिव्या घातल्या.

त्याच दुपारी मी आमच्या इथल्याच एका दुकानात गेलो. दुकानदारानं प्लास्टिकचा मिठाईचा डबा पुढे केला. त्यात पंधरा-वीस पट्ट्या, बंद पडलेल्या मशिनींमधून काढलेल्या. मी माझी जुनी पट्टी हातरुमालात गुंडाळून नेली होती, तेवढा शहाणपणा केला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, डब्यातून एक काढली. कंपनी वेगळी होती आणि आकडा होता सोळाशे.

"हिच्यासोबत जुळते काय?" मी विचारलं.

"चालते," तो म्हणाला.

आमच्याकडे हा शब्द फार मोठा आहे. जुळते का विचारा, बसते का विचारा, पुरते का विचारा, उत्तर एकच. स्टार्टरला तारेचा तुकडा, दाराला दुसऱ्याच दाराची कडी, मोटारसायकलला भलत्याच गाडीचं पेट्रोलचं झाकण, सगळं चालते. आणि खरंच चालतं. मीही गिऱ्हाइकाला दिवसातून वीसदा तेच सांगतो. त्याला दोष द्यावा असं मला त्या वेळी वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. त्यानं मला खोटं काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं एक होतं, त्यानं उत्तर दिलं दुसऱ्याचं, आणि मला घाई होती म्हणून मी ते घेतलं.

दुकानात येऊन मी दोन्ही पट्ट्यांची सोनेरी टोकं खोडरबरनं घासली. जुनी एका खाचेत, नवी शेजारच्या खाचेत. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर दोन्ही बाजूंचे चिमटे टक् करून लागले. बटण दाबलं, स्क्रीनवर आठ जीबी दिसले. मी स्वतःवर खूश झालो. पस्तिसावा फोटो टाकला, पन्नासावा टाकला, साठावा टाकला, गोल काही फिरलं नाही. अकोल्याच्या मित्राला मी फोन करून कळवलंसुद्धा नाही. टेस्टचा पेनड्राइव्ह त्यानं एसटीच्या पार्सलनं पाठवला होता, तो मी ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

पुढच्या आठवड्यात बारीकसारीक गोष्टी झाल्या. एका मंडळाची फाइल उघडेना. एका कार्यकर्त्याच्या कपाळावर हिरवी रेघ आली, तर मी त्याच्या मोबाइलला नावं ठेवली आणि त्याच्याकडून दुसरा फोटो मागवला. एकदा स्क्रीन निळी होऊन कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. मी म्हटलं, ऊन किती आहे, माणसं बंद पडून राहिलीत. प्रत्येक वेळी कारण माझ्याकडे तयार होतं. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

जयंती होऊन तीन दिवस झाले असतील. सकाळी एक माणूस आला. जऊळक्याकडच्या एका खेड्यातला, पस्तिशीचा, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. जयभीम घालून खुर्चीच्या टोकावर बसला. नवरा-बायको दोघं पोरींना घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले होते. तिथं बायकोला कावीळ झाली. आधी कोणीतरी गळ्यात बांधायला औषधी मुळ्यांची माळ दिली, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना, आणि मग अॅम्ब्युलन्स गावाकडे. घरी दोन पोरी, एक नऊ वर्षांची, एक तीन. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली, ती उलगडली, आत मोबाइलचं कार्ड होतं.

"हे मेमरी हाय," तो म्हणाला. "याच्यात तिचा फोटो हाय. एकच हाय."

फोन भट्टीवरच पडून फुटला होता, कार्ड वाचलं होतं. लग्न त्यांचं सामूहिक मेळाव्यात झालेलं, अल्बम कोणी केला नव्हता. पुण्यानुमोदनाचा बॅनर हवा होता, आणि त्यातलाच फोटो घरात लावायला फ्रेम करून.

"आन भाऊ," तो उठता उठता म्हणाला, "त्याच्यात वंदना भरून द्या. स्पीकर आनला हाय भाड्यानं, त्याच्यात हे मेमरी बसते. कार्यक्रमाले लावाची हाय."

मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. नावांच्या यादीत एकच फोटो होता. तो मी उघडून पाहिला नाही. निवडला, कट केला, माझ्या फोल्डरमध्ये पेस्ट केला. कॉपी नाही, कट. दिवसभर माझा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरवरून छपाईच्या मशीनकडे आणि तिथून परत येत-जात असतो, तो मोकळा राहावा म्हणून मी सगळं कट करतो. बोटांना ती सवय लागलेली. मग मी कार्डावर वंदना भरली, दीक्षेची, धम्माची गाणी भरली, कार्ड पूर्ण भरेपर्यंत भरली. माणूस दुःखात आहे, आपल्या हातून तेवढंच, असं वाटलं. मला चांगुलपणाचा झटका आला होता. पुडीत कार्ड बांधून त्याच्या हातात दिलं. तो उद्या येतो म्हणून गेला.

दुपारी जेवून आल्यावर फोटो उघडला.

कपाळ दिसलं, मधोमध भांग, मग भुवया, मग डोळे. उजेडाकडे पाहताना बारीक केलेले, तपकिरी डोळे. मग नाक. नाकाच्या शेंड्याखाली एक आडवी रेघ होती आणि तिथून खाली सगळा फोटो राखाडी. पुसल्यासारखा राखाडी, एकसारखा, खालपर्यंत. मी बंद करून पुन्हा उघडला. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. बाई नाकापर्यंतच होती.

कार्डावरून फोटो निघून गेला होता, मीच काढला होता, आणि जिथं तो होता तिथं मीच वंदना भरली होती.

त्या माणसाला फोन केला. फोटो खराब झाला असं सांगायला केला होता, पण तोंडातून निघालं, "फोटो थोडा अस्पष्ट हाय, दुसरा कोनता हाय काय?" नव्हता. आधार कार्ड विचारलं. दुसऱ्या दिवशी तो आधारची झेरॉक्स घेऊन आला, झेरॉक्सची झेरॉक्स. आधारवरचा फोटो मुळातच माणसाचा असतो की माणसाच्या सावलीचा, हा प्रश्न आहे. हा तर शाईचा डाग होता. स्पीकरवर वंदना नीट वाजते का पाहतो, असं सांगून मी त्याच्याकडून कार्डही पुन्हा घेतलं आणि त्याला चहाला पाठवलं. गेलेल्या फाइली परत काढायचं सॉफ्टवेअर शेजारच्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर चालवलं. त्यातून काय निघालं तर वंदनेचे तुकडे.

तो चहा पिऊन आला तेव्हा सांगायचं होतं. आजही मला तो क्षण दिसतो. तो दारात उभा, मागे ऊन, आणि मी खुर्चीत. एवढंच म्हणायचं होतं की भाऊ, माझ्या हातून गेला. तो चिडला असता, रडला असता, कदाचित मारलं असतं. मारायलाच हवं होतं. मी म्हणालो, "होते व्यवस्थित. संध्याकाळी या."

तो गेला आणि मी शोधायला बसलो. माझ्या कॉम्प्युटरमध्ये सात-आठ वर्षांचे चेहरे होते. मी नाकाखालचा भाग शोधत होतो. वय तिशीच्या आतबाहेर, रंग सावळा, मान किंचित डावीकडे, ऊन उजवीकडून आलेलं. रॅम घेताना मी पाच मिनिटं खर्चली नव्हती, इथं तीन तास घालवले. एकीचे ओठ चांगले होते पण हनुवटी रुंद. एकीचं सगळं जमत होतं पण उजेड उलटा. शेवटी मंगरूळपीरच्या एका बाईचा फोटो सापडला, महिला बचत गटाच्या अध्यक्षा, वाढदिवसाचा बॅनर. जिवंत, धडधाकट बाई. तिचे ओठ मिटलेले होते आणि ती बारीकशी हसत होती. ओठांपासून हनुवटीपर्यंतचा भाग मी कापला, नाकाखाली आणून ठेवला, रंग उतरवला, कड पुसली. रेघ कुठं होती ते मलाही दिसेना. खाली पांढरी साडी लावली. माझ्या आयुष्यातलं ते सर्वात सफाईदार काम असेल, आणि मला त्याची किळस येते.

संध्याकाळी तो आला. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तो बराच वेळ पाहत राहिला.

"थोडी येगळी दिसून राह्यली," तो म्हणाला.

"साडी बदलली ना," मी म्हणालो. "आन फोटो साफ केला."

"हां. साडी बदलली." त्यानं पुन्हा पाहिलं. "दुखण्यात लय वाळली होती ते. मले शेवटचंच तोंड आठवते, त्याच्यानं वाटत असन येगळी." स्वतःच स्वतःला समजावून तो फ्रेम छातीशी धरून गेला. मी बॅनरचे पैसे घेतले नाहीत. तो मला चांगला माणूस समजला, हे त्याहून वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाला शटर लावून आत बसलो आणि ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह काढून टेस्ट चालवली. दहा मिनिटांत स्क्रीनवर लाल ओळी यायला लागल्या. एक, मग चार, मग थांबेचनात. नवी पट्टी काढली, जुनी एकटी ठेवली. चार तास टेस्ट चालली, एक लाल ओळ नाही. मला वाटलं, चला, चोर सापडला. मग जुनी काढून नवी एकटी लावली, ती पट्टी घेऊन दुकानदाराच्या काउंटरवर आपटायची तयारी मनात सुरू होती. तिचीही टेस्ट स्वच्छ निघाली. दोघी एकेकट्या निर्दोष होत्या. एकत्र बसवल्या की लाल ओळी. अकोल्याच्या मित्राला सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "काही गेलं काय तुहं?" मी म्हणालो, नाही, माझं काही गेलं नाही.

त्यानं मग जोडी पाठवली, ती मी लावली. पुढे तो कॉम्प्युटरच गेला, दुसरा आला. बोटांना कट सोडून कॉपीची सवय लावली. गिऱ्हाइकाचं कार्ड मी आता हातातसुद्धा घेत नाही, तुम्हीच पाठवा म्हणतो. एवढी सुधारणा झाली माझी. त्या माणसाकडे जाऊन सांगावं असं वर्षाकाठी दोनदा तरी वाटायचं. एकदा जऊळक्याच्या स्टेशनापर्यंत जाऊन परतही आलो. पण जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं, कारण सांगून मी त्याला देणार काय होतो? घरात भिंतीवर एक चेहरा आहे, तो अर्धा खोटा आहे, एवढंच. खरा तर माझ्याकडे नव्हताच.

यंदा तो आला. केस पांढरे झालेत. सोबत मोठी पोरगी, जी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचं लग्न ठरलं होतं. मंगल परिणयाचा बॅनर आणि पत्रिका, दोन्हींवर वर आईचा फोटो हवा होता. घरातल्या फ्रेमचा मोबाइलवर फोटो काढून आणला होता. मी म्हटलं, माझ्याकडे मूळ फाइल आहे. ती होती. तेवढी मात्र मी फार जपून ठेवली होती.

स्क्रीनवर ती आली तसा तो खुर्ची पुढे ओढून बसला.

"हुबेहूब काढली होती भाऊ तुमी," तो म्हणाला. "लोकाइच्या घरी फोटो असते, पन अशी जित्ती नाही दिसत. लहानी तर हिच्यावरच गेली. ओठ पाहा ना, अस्से ओठ हायत लहानीचे. हसली का माय वाटते."

मी माउस हलवत राहिलो. थोडी वेगळी दिसते असं म्हणणारा तोच हा माणूस, आणि आता त्याच्याकडे दुसरा चेहराच उरला नव्हता. त्याला नवरदेवाकडच्या कोणाचातरी फोन आला. गल्लीत आवाज नीट येत नाही म्हणून तो बोलत बोलत बसस्टँडकडे गेला.

पोरगी खुर्चीजवळ उभी होती. तिनं बाप कोपऱ्यावरून वळेपर्यंत वाट पाहिली.

"काका, हे नाकाच्या खालचं कोनाचं हाय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. पत्रिकेवरची तारीख विचारावी तसं तिनं विचारलं. मी खोटं बोलू शकलो असतो, सराव होता. पण अकरा वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि विचारला गेला तेव्हा मला हलकं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

"मंगरूळपीरच्या एका बाईचं," मी म्हणालो. "तुह्या आईचा फोटो माह्या कॉम्प्युटरमधी खराब झाला. माह्या चुकीनं. वरचं तिचं हाय. डोळे तिचेच हायत."

"डोळे तिचेच हाय, ते मले समजते." ती स्क्रीनकडे पाहत होती. "तो फोटो मी काढला होता भट्टीवर. पह्यल्यांदाच फोन हातात भेटला होता. माय हसत नव्हती त्याच्यात. बोलून राह्यली होती. मले म्हने, ठेव तो फोन, बापाचा हाय, फुटन."

तिनं हात पुढे केला आणि स्क्रीनवर नाकाखाली तळवा आडवा धरला. ओठ, हनुवटी, पांढरी साडी, सगळं तिच्या हाताखाली गेलं. वर फक्त भांग, भुवया आणि उन्हानं बारीक झालेले ते डोळे राहिले.

"घरी कोनी नसलं का मी असंच पाह्यतो," ती म्हणाली. "पह्यले असा हात धरला का खालचं तोंड आपोआप याचं. बोलतानाचं. दात दिसत तिचे. आता किती येळ धरला तरी नाही येत. हेच येते, हे हसतं."

तिनं हात काढला. रस्त्याकडून बाप परत येताना दिसत होता, मोबाइल खिशात घालत, आनंदात. मी घाईघाईनं म्हणालो की पत्रिकेवर फोटो नको टाकूया, नुसतं नाव टाकू, काहीतरी कारण मी सांगतो. किंवा फक्त डोळ्यांपर्यंतचा फोटो करता येतो का, पाहतो.

तिनं नकारार्थी मान हलवली.

"हाच टाका," ती म्हणाली. "लहानीची माय हेच हाय."